दोन संगणक आणि एक संहिता

आमच्या घरात दोन संगणक आहेत. एक माडीवर बाबांच्या खोलीत, टेबलावरचा, विंडोज १० चालणारा. दुसरा खाली लेकीकडे, लॅपटॉप, विंडोज ११ प्रो. दोहोंमध्ये एक लाकडी जिना आणि चिऱ्यांची एक जाड भिंत, बस्स. पण २०२५ च्या पावसाळ्यात माडीवरचा एक फोल्डर खालच्या लॅपटॉपवर उघडायला मला सहा संध्याकाळी लागल्या. मी काही संगणकातला माणूस नव्हे. मराठी घेऊन बी. ए. झालो आणि वीसेक वर्षे सरकारी कचेरीत कारकुनी करतो आहे. त्या सहा संध्याकाळींत एवढे मात्र ध्यानात आले, की हे प्रकरण यंत्राचे कमी आणि कचेरीचे जास्त. कोण आला, कुठून आला, त्याची ओळख काय, त्याला कुठला कागद पाहायचा हक्क, एवढेच प्रश्न. ते तर आम्ही रोजच विचारतो.

आधी फोल्डरात काय होते ते सांगतो, म्हणजे एवढा खटाटोप कशाला हे कळेल.

जत्रेतले नाटक म्हणजे काय हे गोव्यातल्या वाचकाला सांगायला नको. आमच्या गावातही देवळासमोरच्या मांडवात दरवर्षी मराठी नाटक होते. नट गावचेच. बँकेतला, टेम्पोवाला, शाळामास्तर, एखादा कॉलेजातला पोर. बाबा निवृत्त प्राथमिक शिक्षक. तीस वर्षे त्यांनी पडद्याआड बसून प्रॉम्प्टिंग केले. त्याहून मोठे काम म्हणजे संहिता बेतणे. जुनी पौराणिक नाटके पहाटेपर्यंत चालत. आता दोन वाजले की माणसे उठू लागतात. तेव्हा कुठला प्रवेश गाळायचा, कुठले पद ठेवायचे, गावात ह्या वर्षी गळा कोणाचा चांगला आहे, हे सगळे बघून बाबा दरवर्षी नाटक नव्याने लिहून काढतात. पूर्वी हे सगळे वह्यांत असे आणि वह्या ट्रंकेत. ट्रंकेला वाळवी लागली त्या वर्षी निम्म्या वह्यांचा भुगा झाला. त्यानंतर बाबा वयाच्या पासष्टीत टायपिंग शिकले आणि उरलेल्या वह्या एकेक करून संगणकात घातल्या. एकेचाळीस फाईली. नाटके, नांद्या, पदे, कुणी कुठल्या वर्षी कुठली भूमिका केली त्याच्या याद्या.

आता त्यांची दृष्टी कमी झाली आहे. दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली तरी बारीक अक्षर लागत नाही. म्हणून ह्या वर्षी प्रॉम्प्टिंगला माझी लेक बसणार असे ठरले, आणि संहिता तिच्या हातात यायला हवी होती.

तुम्ही म्हणाल, पेन ड्राईव्हवर घालून द्यायची. तेच तर आदल्या वर्षी केले होते. बाबांची सवय अशी की तालीम चालू असतानाही रोज काहीतरी बदलतात. सोमवारची प्रत एकाकडे, गुरुवारची दुसऱ्याकडे, तिसऱ्याने मोबाईलवर मागवून घेतलेली कुठल्या दिवशीची कोण जाणे. तालमीत राजा सोमवारच्या नाटकातला आणि प्रधान गुरुवारच्या. राजाने वाक्य टाकायचे आणि प्रधानाने टकमक बघत राहायचे, कारण त्याच्या प्रतीत त्या वाक्याला कात्री लागलेली. प्रत एकच पाहिजे, आणि ती जिथे आहे तिथेच राहून दोघांना दिसली पाहिजे, हा धडा त्या तालमीनेच दिला. इंटरनेटवर ठेवायची सूचनाही घरात आली. पण आमच्याकडे पावसात तार तुटली की दोन-दोन दिवस इंटरनेट नसते, आणि घरातल्या घरात फाईल पोचवायला इंटरनेट लागतच नाही. रावटर चालू असला की पुरे.

कचेरीच्या खिडकीवर माणूस येतो आणि म्हणतो, "काम होत नाही." आम्ही विचारतो, कुठे अडले? अर्जच घेतला नाही, की अर्ज घेतला पण ओळखपत्र मागितले, की ओळख पटली पण फाईल दाखवली नाही? ह्या तिन्हींची टेबले वेगळी. सामाईक फोल्डरचेही अगदी तसेच आहे. समोरचा संगणक सापडतच नाही, ही एक तक्रार. सापडतो, पण नाव आणि पासवर्ड विचारत बसतो, ही दुसरी. नाव-पासवर्ड मान्य होतो आणि तरी परवानगी नाही म्हणतो, ही तिसरी. बहुतेक लोक तिन्हींना "शेअरिंग चालत नाही" असे एकच नाव देतात आणि मग पहिल्या टेबलाचे औषध तिसऱ्या टेबलावर पाजतात. विंडोज आपल्या परीने सांगत असते. संदेशाखाली आकड्यांची जी लांब माळ येते ना, तिच्या शेवटाकडे बघावे. शेवटी ३५ असेल तर वाट सापडली नाही. शेवटी ०५ असेल तर वाट सापडली, दार गाठले, आणि आतून नकार आला.

आमची माळ ३५ ने संपत होती. म्हणजे अजून दारापर्यंतच पोचलो नव्हतो.

दोन्ही संगणकांवर काळी खिडकी उघडून 'आयपीकॉन्फिग' हा शब्द टाइप केला. खालच्या लॅपटॉपचा पत्ता निघाला १९२.१६८.१.७ आणि माडीवरच्याचा १९२.१६८.०.१०१. घरगुती जाळ्यात पत्त्यातले पहिले तीन आकडे साधारणपणे सारखे असतात, शेवटचा तेवढा वेगळा. इथे तिसराच आकडा वेगळा. म्हणजे एकाच छपराखाली दोन वेगळे वाडे झाले होते. कारण चिऱ्यांची भिंत. जुन्या घरांत वाय-फाय दोन भिंती ओलांडत नाही, म्हणून इंटरनेट बसवून देणाऱ्या पोराने माडीवर दुसरा रावटर लावून दिला होता. इंटरनेट दोन्हीकडे येत होते, त्यामुळे कुणाला शंका यायचे कारण नव्हते. पण तो दुसरा रावटर आपले स्वतंत्र जाळे थाटून बसला होता. अशा मांडणीत माडीवरून खाली हाक ऐकू जाते, खालून वर जात नाही. आणि आमचा फोल्डर नेमका वर.

त्यावर उपाय सोपा निघाला. दुसऱ्या रावटरच्या सेटिंगमध्ये 'ॲक्सेस पॉइंट' अशी सोय असते. ती निवडली की तो पत्ते वाटायचे सोडतो आणि पहिल्याचा नुसता निरोप्या होतो. ज्या रावटरात ही सोय नाही, त्यात पत्ते वाटण्याचे काम, ज्याला डीएचसीपी म्हणतात, ते बंद करावे आणि खालून आलेली केबल इंटरनेटच्या भोकात न घालता बाकीच्या चार भोकांपैकी एकात घालावी. मात्र त्याआधी दोन्ही रावटरांचे स्वतःचे पत्ते एकच नाहीत ना, एवढे बघून घ्यावे. संगणक पुन्हा चालू केल्यावर बाबांचा पत्ता १९२.१६८.१.९ झाला. घर एक झाले.

तरी फोल्डर उघडेना. जाळे बदलल्यामुळे माडीवरच्या विंडोजला आपण कुठल्यातरी नव्या जागी आलो असे वाटले. नव्या जाळ्याला विंडोज आपणहून 'पब्लिक' समजते, म्हणजे बसस्टँडवरचे वाय-फाय. तिथे ते कुणाला आपले नाव सांगत नाही आणि आपल्या फाईली कुणाला दाखवत नाही. हे शहाणपणाचेच आहे. सेटिंग्जमध्ये नेटवर्कच्या पानावर जाऊन ते 'प्रायव्हेट' केले, 'नेटवर्क डिस्कव्हरी' आणि 'फाईल अँड प्रिंटर शेअरिंग' चालू केले. इथे एक सांगून ठेवतो. पुष्कळ जण ह्या टप्प्याला 'पिंग' करून बघतात आणि उत्तर आले नाही की जाळेच बिघडले असे धरून चालतात. पब्लिक असताना विंडोजची फायरवॉल पिंगलाही उत्तर देत नाही. हाक मारली आणि ओ आली नाही म्हणजे घरात कोणी नाही असे होत नाही.

'नेटवर्क' ह्या चित्रावर टिचकी मारल्यावर दुसऱ्या संगणकाचे नाव यादीत दिसावे हा लोकांचा आणखी एक हट्ट. ते नाव दिसण्यामागे विंडोजच्या दोन-तीन वेगळ्या सेवा असतात. त्या झोपलेल्या असल्या तर नाव दिसत नाही, पण फोल्डर मात्र चालू असू शकतो. यादीच्या नादी न लागता रनच्या चौकटीत दोन उलट्या तिरक्या रेघा आणि पुढे सरळ पत्ता टाकावा. दारावर नावाची पाटी नसली म्हणून पोस्टमन पत्र परत नेत नाही.

पत्ता टाकला आणि एक चौकट आली. नाव आणि पासवर्ड. दुसरे टेबल आले.

ह्या टेबलाशी माझा भाचा अडून बसला होता. पोर इंजिनियरिंगला आहे, हुशार आहे, पण घाईचे. त्याने लॅपटॉपचा चार आकडी पिन घातला, मग बाबांच्या वाढदिवसाची तारीख, मग आणखी काय काय. पिन इथे चालतच नाही. पिन हा त्या त्या यंत्रापुरता असतो, दुसऱ्या यंत्राशी त्याचा संबंध नाही. चौकट जे मागते ते ज्या संगणकावर फोल्डर आहे तिथल्या खात्याचे नाव आणि तिथला पासवर्ड. आणि बाबांच्या खात्याला पासवर्डच नव्हता. चौकट रिकामी सोडून एंटर दाबून चालत नाही. बिनपासवर्डाच्या खात्याने फक्त त्या यंत्रासमोर बसूनच आत शिरता येते, जाळ्यावरून नाही, हा नियम विंडोज एक्सपीपासून, म्हणजे २००१ पासून आहे.

भाच्याने दोन व्हिडिओ बघून दोन तोडगे आणले. एक, 'पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग' बंद करायचे. दोन, 'एसएमबी १' चालू करायचे. हे दोन्ही आपल्याकडे फार प्रसिद्ध आहेत, म्हणून त्यांच्याविषयी थोडे बोलतो.

पासवर्ड बंद केला की येणारा माणूस 'गेस्ट' म्हणून आत येतो, पाहुणा. पूर्वी हे बिनबोभाट चाले. पण ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या विंडोज ११ च्या २४एच२ ह्या आवृत्तीपासून प्रो विंडोज असा निनावी पाहुणा होऊन दुसऱ्याच्या दारात जायला तयारच होत नाही. ह्यात तो स्वतःलाही सांभाळतो. ज्या घरात ओळख विचारत नाहीत, ते घर खरेच आपल्या बाबांचे की कुणी तोतयाने थाटलेले, हे पाहुण्याला तरी कसे कळावे? आणि एसएमबी १ ही फाईली देण्याघेण्याची फार जुनी भाषा. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाच्या खंडणीखोर विषाणूने जगभर जो धुमाकूळ घातला, ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांची कामेसुद्धा ज्याने ठप्प केली, तो ह्याच भाषेतल्या एका भगदाडातून शिरला होता. भगदाड बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच दिली होती. पण ती सगळीकडे पोचली नव्हती. तेव्हापासून विंडोजमधून ती भाषा टप्प्याटप्प्याने हद्दपार होत गेली. विंडोज १० आणि ११ ला एकमेकांशी बोलायला तिची काडीचीही गरज नाही. वर माडीवरच्या विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपायचा होता, आणि तसा तो संपला. म्हाताऱ्या घराचे मागचे दार उघडे टाकायची ही वेळ नव्हे.

म्हणून मी बाबांच्या संगणकावर दोन नवी खाती उघडली. दोन्ही साधी, व्यवस्थापकाचे अधिकार नसलेली, मायक्रोसॉफ्टचे खाते न जोडता. नावे रोमन अक्षरांत ठेवली, एक संहिता आणि दुसरे तालीम, आणि दोन्हींना पासवर्ड. ही खाती कुणी समोर बसून वापरायची नाहीत, फक्त जाळ्यावरून येणाऱ्याची ओळख म्हणून. बाबांचे खाते होते तसेच राहिले.

पण एक फरक पडलाच. पूर्वी एकच बिनपासवर्डाचे खाते असल्यामुळे बटण दाबले की थेट काम सुरू होई. आता तीन नावांची यादी येऊ लागली आणि स्वतःच्या नावावर टिचकी मारणे बाबांच्या नशिबी आले. दुसऱ्या दिवशी सकाळी माडीवरून आवाज आला, "म्हज्याच घरांत म्हाकाच विचारता, तूं कोण?" त्यांची समजूत काढायला अर्धा तास गेला. घर त्यांनी बांधलेले, नाटके त्यांनी बेतलेली, आणि यंत्र त्यांना ओळख विचारते. त्यांचा राग मला चुकीचा वाटला नाही. यंत्र आपोआप त्यांच्याच नावाने उघडेल अशी व्यवस्था करून दिली तेव्हा कुठे ते बोलायला लागले.

लॅपटॉपवर नाव घालताना आधी माडीवरच्या संगणकाचे नाव, मग उलटी तिरकी रेघ, मग खात्याचे नाव, असे पूर्ण लिहावे. नुसते खात्याचे नाव लिहिले तर ते कुठल्या घरचे ह्याचा घोळ होऊ शकतो. आणि भाच्याने घातलेला जुना पासवर्ड 'क्रेडेन्शियल मॅनेजर' मध्ये साठून राहिला होता, तो काढून टाकावा लागला. नाहीतर विंडोज न विचारता तोच जुना पासवर्ड पुढे करत राहते आणि आपण बाहेर बसून नव्याची उजळणी करत राहतो.

आता तिसरे टेबल. इथे माझी कारकुनी खरी उपयोगाला आली. विंडोजमध्ये एकाच फोल्डरवर दोन परवानग्या असतात. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये 'शेअरिंग' नावाचे एक पान असते आणि 'सिक्युरिटी' नावाचे दुसरे. पहिले पान जाळ्यावरून येणाऱ्यापुरते. दुसरे पान कुठूनही येवो, त्या फाईलीला हात लावणाऱ्या प्रत्येकाला लागू. दोन्हींपैकी जी परवानगी कडक, ती चालते. आमच्याकडे कामाला प्रशासकीय मंजुरी असते आणि खर्चाला वेगळी मंजुरी. एक मिळाली आणि दुसरी नाही तर काम होत नाही, आणि माणूस मिळालेला कागद नाचवत विचारतो, की मंजुरी असून अडवता का? भाचाही तेच विचारत होता. त्याने शेअरिंगच्या पानावर परवानगी दिली होती, सिक्युरिटीचे पान पाहिलेच नव्हते. त्याचा पुढचा सल्ला, "मामा, एव्हरीवनाक फुल कंट्रोल दी आनी सोंपय!" सोंपलेच असते. फुल कंट्रोल म्हणजे वाचणे, लिहिणे, पुसणे आणि वर दुसऱ्यांच्या परवानग्या बदलणे. एकेचाळीस फाईलींचा एकमेव संच असा सगळ्यांच्या हवाली करायचा नसतो. मी आधी त्या सगळ्याची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर काढली, मगच पुढे गेलो.

दोन्ही पानांवर संहिता आणि तालीम ही नावे घातली आणि फोल्डर उघडला. आत एकेचाळीस फाईलींपैकी सव्वीस उघडत होत्या, पंधरा नाहीत. एकाच फोल्डरात, एकाच परवानगीखाली, काही कागद दिसतात आणि काही नाहीत. ह्या कोड्याला दोन उत्तरे निघाली.

काही फाईली बाबांनी आपल्या 'डॉक्युमेंट्स' मधून कट करून इथे पेस्ट केल्या होत्या. त्याच ड्राईव्हवर फाईल हलवली की ती आपल्या जुन्या परवानग्या सोबत घेऊन येते. कॉपी केली तर नव्या घराचे नियम लागू होतात. नवरा सोडून सासरी आलेली आणि माहेरचेच रीतिरिवाज चालवणारी सून, अशातला प्रकार, म्हणायला हरकत नाही.

उरलेल्या फाईलींची गोष्ट जास्त मजेची. बाबांचा पहिला संगणक काही वर्षांपूर्वी बंद पडला तेव्हा दुरुस्तीवाल्याने त्यातली डिस्क ह्या संगणकात बसवून दिली होती. त्या डिस्कवरच्या फाईलींच्या सिक्युरिटीच्या पानावर मालकाच्या जागी नाव नव्हते. इंग्रजी एस ने सुरू होणारा एक लांबच लांब आकडा होता आणि वर लिहिले होते, 'अननोन'. विंडोज माणसाला नावाने ओळखत नाही, आकड्याने ओळखते. जुन्या संगणकावरचे बाबा आणि नव्यावरचे बाबा, नाव एकच असले तरी विंडोजच्या लेखी दोन वेगळी माणसे. जुना आकडा ज्याचा होता तो आता कुठेच नाही.

हे वाचून गोव्यातल्या माणसाला पहिली आठवण कशाची येईल? एक-चौदाच्या उताऱ्याची. पणजोबांचे नाव, पुढे काही नाही. माणूस जाऊन पन्नास वर्षे झाली, भाटात नारळ पाडतो नातू, घरपट्टी भरतो नातू, पण कागदावर अजून पणजोबाच. कब्जा एकाचा, नाव दुसऱ्याचे. तिथे इन्व्हेंटरीचा खटला करावा लागतो आणि सगळ्या भावंडांना, त्यांच्या बायकांना, परदेशी गेलेल्या चुलत्यांना हजर करावे लागते. विंडोजमध्ये हे दोन मिनिटांत होते. सिक्युरिटी, मग ॲडव्हान्स्ड, मालकाच्या नावापुढे 'चेंज', तिथे आजचे खाते घालायचे आणि आतल्या सगळ्या फाईलींनाही मालक बदलायची खूण करायची. त्यानंतर त्याच पानावर, आतल्या सर्वांनी ह्या फोल्डरचेच नियम पाळावेत, ही दुसरी खूण. एवढे मात्र सांभाळावे, की हे फक्त आपल्या त्या एका फोल्डरवर करायचे. अख्ख्या सी ड्राईव्हवर मालकी गाजवायला गेलेल्याचे विंडोज पुन्हा नीट चालेलच असे नाही.

सगळ्या एकेचाळीस उघडल्या. आणि लेक म्हणाली, हे काय? पडद्यावर रोमन अक्षरे, कंस, टक्क्यांची चिन्हे. बाबांचे सगळे टायपिंग युनिकोडच्या आधीच्या श्री-लिपी फॉन्टमधले. तो फॉन्ट लॅपटॉपवर नव्हता. ही अडचण परवानगीची नव्हे. फॉन्टची फाईल माडीवरून आणून खाली बसवली आणि अक्षरे जागच्या जागी आली. पुढेमागे हे सगळे युनिकोडमध्ये आणावे लागेल. रूपांतर करणारी साधने आहेत, पण ती जोडाक्षरांत कुठे ना कुठे दगा देतात, त्यामुळे प्रत्येक फाईल कुणीतरी वाचून तपासायला हवी.

पावसाळ्यातल्या दोन बारीक गोष्टी राहिल्या. वीज जाऊन आली की रावटर कधीकधी संगणकांना नवे पत्ते वाटतो आणि कालची वाट आज चुकते. म्हणून रावटरमध्ये माडीवरच्या संगणकाचा पत्ता कायमचा राखून ठेवला. आणि त्या संगणकाला अर्ध्या तासाने झोपायची सवय होती ती मोडली. झोपलेल्या संगणकाचा फोल्डर उघडत नाही. पडदा खुशाल बंद होवो.

शेवटचा प्रश्न यंत्राचा नव्हता. शेअरिंगच्या पानावर नावापुढे एक खूण करायची असते, 'रीड' की 'चेंज'. नुसते वाचायचे, की बदलायचेही? मी बाबांना विचारले. त्यांच्या वह्यांना त्यांनी कधी कुणाला पेन लावू दिले नव्हते. दिग्दर्शकालासुद्धा बदल हवा असला तर तो तोंडी सांगे आणि बाबा पटला तर लिहीत. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, पोरीला बदलू दे. तिला लागेल. कुठे नट अडखळतो ते पडद्याआडूनच कळते.

मी विचारले, आणि मला?

"तुला रीड."

तेव्हा संहिता हे खाते लेकीचे आणि तालीम माझे. लॅपटॉपवर मी लाईट बिलापुरते वेगळे खाते वापरतो, त्यात तालीमचा पासवर्ड घालून ठेवला. तिच्या खात्यातून तालीम नावाने शिरून पाहिले तर विंडोजने नकार दिला. एका बैठकीत एका संगणकाकडे एकाच नावाने जाता येते. ठीकच आहे.

चतुर्थी झाल्यावर तालमी सुरू झाल्या. वर्डमध्ये एक सोय आहे. सामाईक फोल्डरमधली फाईल एकाने उघडलेली असली आणि दुसरा उघडायला गेला, तर ती कुणाकडे अडकली आहे ते नावानिशी सांगते आणि हवी तर वाचण्यापुरती देते. एकदा रात्री साडेदहाला बाबांना तिसऱ्या अंकात काहीतरी सुचले. फाईल उघडेना. पडद्यावर नातीचे नाव. ते काठी घेऊन जिन्याच्या तोंडाशी आले आणि वरूनच ओरडले, "अगो, तिसरो अंक सोड!"

खालून उत्तर आले, "दोन मिनटां, आजो."

ते वरच्या पायरीवर बसून राहिले.